बिनकाठाचा गलांडा

आमच्या घरमालकीणबाईंना पाण्याचा राग होता. बाळकुमच्या त्यांच्या तीन मजली इमारतीत आम्ही सहा वर्षं भाड्याने राहिलो आणि त्या सहा वर्षांत पाण्याची मोटर सकाळी एक तास चालली. कमी नाही, जास्त नाही. टंचाई नव्हती, टाकी भरलेली असायची. दुसऱ्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ एकदा विनंती करायला खाली गेलेले. घरी पाहुणे आलेत, आजच्या दिवस संध्याकाळी पण थोडं पाणी सोडा, म्हणाले.

"त्यांच्या घरान पानी नाय का?" मावशींनी विचारलं.

सगळे त्यांना मावशी म्हणायचे. वय सत्तरच्या पुढे, अंगाने काटकुळ्या. लुगडं गुडघ्यापर्यंत कसून नेसलेलं, गळ्यात जाडजूड सोनं आणि पाय बहुतेक वेळा अनवाणी. टाचांच्या भेगा इतक्या खोल की त्यात मुरूम अडकायचा. लहानपणी त्यांनी मिठागरात काम केलं होतं, डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. पुढे घरच्या जमिनीवर मोठमोठे कॉम्प्लेक्स उभे राहिले, दोन्ही मुलांच्या दारात दोन-दोन गाड्या आल्या. मुलगे समोरच्या बंगल्यात राहायचे. मावशी मात्र आमच्या इमारतीत तळमजल्याच्या मागच्या खोलीत एकट्या राहायच्या. जेवायला बंगल्यावर जायच्या आणि हात धुतल्याबरोबर परत यायच्या. कारण खोलीचं मागचं दार उघडलं की त्यांचा गलांडा होता.

गलांडा म्हणजे नाक्यावरच्या हारात झेंडूच्या जोडीला असतो तो. मध्ये लाल आणि पाकळ्यांच्या टोकांना पिवळा काठ. पाणी कमी लागतं म्हणून शेतकरी लावतात. मावशींकडे इमारतीमागे दोनेक गुंठ्यांचा तुकडा होता. बांधकामाचा राडारोडा, मुरूम, खाडीकडची खारट माती असं सगळं त्यात मिसळलेलं. जुने दरवाजे आणि पत्रे उभे करून त्यांनी त्याला कुंपण केलं होतं. तिथे दरवर्षी जानेवारीपासून पावसापर्यंत गलांडा फुलायचा आणि त्याला पिवळा काठ नसायचा. अख्खं फूल गडद लाल, मधल्या बोंडापासून पाकळीच्या टोकापर्यंत. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे कुतूहलाने विचारलं, असं बी कुठून आणलंत?

"आनला नाय. निवडला," त्या म्हणाल्या.

वीस-बावीस वर्षं त्या निवडत होत्या. ज्या झाडाला पिवळं टोक दिसेल ते उपटून फेकायचं. ज्याचं फूल जास्तीत जास्त लाल, त्याच्या देठाला जुन्या लुगड्याचा निळा धागा बांधायचा. ते फूल झाडावरच वाळू द्यायचं, गोंड्यासारखं झालं की बी काढायचं. नवरात्राच्या सुमारास जमिनीवर बी नुसतं भुरभुरायचं आणि तळहाताने दाबायचं. वर माती टाकायची नाही. "त्याला उजेड लागतंय. गारलास तं निजून र्‍हाल." रोपं चार बोटं होईपर्यंत केरसुणी पाण्यात बुडवून झटकायची. त्यानंतर थेंब नाही.

"पानी वरून मिलतंय म्हटल्यावर मूल खाली कशाला जाल?" मूल म्हणजे मूळ. हे मी त्यांच्या तोंडून किमान पन्नास वेळा ऐकलं असेल. कधी गलांड्याबद्दल, कधी मुलांबद्दल, बऱ्याचदा भाडेकरूंबद्दल.

जमिनीची परीक्षा त्या जिभेने करायच्या. चिमूट माती उचलायची, जिभेच्या टोकाला लावायची, थुंकायची आणि निकाल द्यायचा. एकदा महापालिकेचं झाडं लावण्याचं काम चालू होतं. तिथे जाऊन त्यांनी खड्ड्यातली माती चाखली आणि मुकादमाला सांगितलं की यात काही जगायचं नाही. मुकादमाने त्यांना हात जोडले. झाडं मेली की जगली ते मला आठवत नाही. मावशींच्या मते मेली.

मी एकदा त्यांना सांगायला गेले की हे फूल मुळात आपलं नाहीच, अमेरिकेतल्या कोरड्या गवताळ माळांवरचं आहे. मला वाटलं, त्यांना नवल वाटेल. त्यांनी क्षणभर विचार केला.

"मंग भाडेकरू हाय," त्या म्हणाल्या.

नव्या भाडेकरूला खोलीच्या किल्लीबरोबर कागदाच्या पुडीत चिमूटभर बी मिळायचं. ते लावायचं, जगवायचं आणि पुढच्या वर्षी तितकंच बी परत आणून दाखवायचं. पुडी घेणाऱ्याने एका शाळकरी वहीत स्वतःचं नाव आणि फोन नंबर लिहायचा. मावशींना लिहितावाचता येत नव्हतं, पण वही त्या जपून ठेवायच्या. मी माझी पुडी मोठ्या उत्साहाने लावली. चांगली माती, शेणखत, रोज सकाळी पाणी. तीन आठवड्यांत रोपं मुळापाशी काळी पडून आडवी झाली. मावशी गॅलरीत आल्या, कुंडीत बोट खुपसून बघितलं आणि "लाड केलेस" एवढंच म्हणून गेल्या. मला दुसरी पुडी मिळाली नाही.

त्या फुलं कोणाला तोडू द्यायच्या नाहीत. देवालासुद्धा नाही. याच गोष्टीवरून जे झालं ते सांगायला हवं.

तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहायच्या. घरी ब्लाउज शिवायच्या, नवरा कुरिअर कंपनीत होता. बाई चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. दिवसभर त्यांच्या मशीनचा आवाज खालपर्यंत यायचा. एका एप्रिलमध्ये मावशींनी सात झाडांना धागे बांधले होते. त्यातलं सगळ्यात सरस फूल पत्र्याच्या फाटकाजवळ होतं. एका सकाळी ते गेलेलं. देठ अर्ध्यावर तोडलेला.

नेमक्या त्याच वेळी त्या बाई बाजाराला निघाल्या होत्या आणि त्यांच्या वेणीत लाल फूल होतं.

"माझा फूल कोनी तोरला?" मावशी जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून ओरडल्या. सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली.

बाईंनी वेणीतलं फूल काढून पुढे धरलं. "मावशी, हा गुलाब आहे. काल नाक्यावरून आणलाय. बघा."

मावशींनी बघितलं नाही. "आज गुलाब. काल माझा. महिना सरला की खोली खाली कर."

"अहो, पण मी तुमच्या फुलाला हात पण नाही लावला."

"खाली कर."

महिना सरायला बारा दिवस होते. आम्ही कोणी मध्ये पडलो नाही. बाळकुममध्ये तशी हवेशीर जागा मिळणं कठीण होतं आणि मावशींचं मन फिरलं की फिरलं, हे सगळ्यांना माहीत होतं. बाराव्या दिवशी नवरा-बायकोने शिलाई मशीन दोन बाजूंनी धरून जिन्यावरून उतरवलं. डोंबिवलीला जाताना बाईंनी माझा एक डबा होता तो परत दिला. त्यात चिवडा भरलेला होता.

त्यानंतर तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात खाडीला उधाण आलं असताना तळमजल्यात पाणी शिरलं. मुलगे मावशींना उचलून न्यायला आले, तर त्या खाटेवर बसून राहिल्या. "खाडीला मी वलखते. जाल परत." गेली परत, पण पाणी गुडघाभर येऊन गेलं. राखेत बी घालून ठेवलेलं मडकं खाटेखाली होतं. मावशींनी ते बी तीन दिवस चादरीवर पसरून वाळवलं. नवरात्रात नेहमीसारखं भुरभुरलं, दाबलं, केरसुणी झटकली. दसरा गेला, कोजागिरी गेली. मागच्या दारात जमीन होती तशीच. दिवाळीच्या आदल्या दिवशी मावशींनी चिमूट माती जिभेला लावली, बराच वेळ तोंडात ठेवली आणि काही न बोलता थुंकली.

भाऊबीज झाल्यावर त्या वही घेऊन आमच्या दारात आल्या. "वाच," म्हणाल्या.

मी एकेका नंबरला फोन लावत गेले. बहुतेकांना बी म्हणजे कसलं बी हेच आठवेना. काही नंबर बंद होते. एकाने, मावशी अजून आहेत का, असं विचारलं; मावशी शेजारीच बसल्या होत्या, स्पीकर चालू होता. शेवटी दोन ठिकाणं हाती लागली. खोपटला एक निवृत्त कंडक्टर आणि कल्याणला एक फुलवाला. डोंबिवलीचा एक नंबर राहिला होता. मी नाव वाचलं.

"तो नको," मावशी म्हणाल्या.

शनिवारी अर्धी शाळा करून मी त्यांच्याबरोबर निघाले. खोपटला एसटी डेपोच्या मागे त्या कंडक्टरांचं घर होतं. त्यांनी अगदी प्रेमाने चहा दिला आणि सांगितलं की गलांडा दोन वर्षं छान फुलला, मग मिसेसनी वरची गॅलरी धुताना धुताना पाणी घालून मारला. मिसेस स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी नाही, ह्यांनीच." मावशी चहा अर्धा टाकून उठल्या.

डेपोतून आम्ही कल्याणची बस धरली. मावशींना खिडकीची जागा दिली. भिवंडीपर्यंत त्या बाहेर बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "तू कवा इचारला नायस, लालच कशाला पायजे."

"कशाला?"

"बारा वर्सांची आसन मी. मिठागरान सगला पांढरा. ऊन पन पांढरा. दुपारपातूर डोला असा दुखाचा ना, मिटला तरी आत पांढराच दिसाचा. मुकादमाच्या झोपडीमागं एक गलांडा आलता. कोनी लावला म्हायत नाय. पानी कोन घालनार तिथं, आमाला पिवाला नसाचा. पन फुलाचा. मी भाकर खाल्ली की त्याच्यापुढं जाऊन बसाची. डोल्याला बरा वाटाचा."

"तो पूर्ण लाल होता?"

"त्याला पिवला काठ होता," मावशी म्हणाल्या. "तेवढा पिवला पन सहन नाय व्हाचा."

कल्याणच्या फुलबाजाराजवळ त्या जुन्या भाडेकरूचा गाळा होता. त्याने मावशींना खुर्ची दिली, ओल्या फुलांच्या गोण्या बाजूला सारल्या. आणि अभिमानाने सांगितलं की तुमच्या चिमूटभर बियांपासून आमच्या भावाने शहराबाहेर अख्खा पट्टा केलाय. वाळलेल्या गोंड्यांची पिशवी त्याने मावशींच्या मांडीवर ठेवली. मावशींनी विचारलं, शेजारी काय लावलंय? साधा गलांडा, तो म्हणाला. हारवाल्यांना तोच लागतो. आणि त्याने आज आलेली टोपली दाखवली. शंभरात दोन-चार फुलं लाल. बाकी सगळ्यांना रुंद पिवळा काठ.

"मधमाश्यांनी मिसळलं," मी म्हटलं.

"मावशी, ह्यातूनच लाल पण निघेल ना," फुलवाला म्हणाला. "निवडत बसायचं."

"निघंल," मावशी म्हणाल्या. "वीस वर्सांनी. तवा मी कुठं?"

पिशवी त्यांनी त्याच्या हातात परत दिली. बाहेर येऊन आम्ही रिक्षा स्टँडपाशी उभ्या राहिलो. मावशींनी पदराने तोंड पुसलं. त्या म्हाताऱ्या आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. मी त्यांची परवानगी विचारली नाही. फोन काढला आणि डोंबिवलीचा नंबर लावला. पलीकडून मशीनचा आवाज ऐकू आला, मग थांबला. मी कोण, बरोबर कोण आहे आणि काय हवंय ते सांगितलं.

"या," त्या बाई म्हणाल्या आणि पत्ता सांगितला.

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. मावशी प्रत्येक वळणावर थांबत चढल्या. दार उघडंच होतं. बाईंचे केस बरेच पांढरे झाले होते. गळ्यात टेप, हातात कात्री. त्यांनी खुर्ची पुढे केली, पण मावशी सरळ जमिनीवर बसल्या. समोर गॅलरी होती. ग्रिलमध्ये तेलाचे आठ डबे ओळीने आणि आठही डब्यांत गलांडा. लाल. काठ नसलेला. आजूबाजूच्या गॅलऱ्यांमध्ये तुळस आणि मनीप्लँटशिवाय काही नव्हतं, म्हणून तो तसाच शुद्ध राहिला होता. पाऊस आत येत नसल्याने तो तिथे बाराही महिने फुलत होता; बरेच गोंडे वाळून तयार होते.

मावशी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पानी कवा घालतंस?"

"आठवड्यातून एकदा. उन्हाळ्यात दोनदा."

"जास्त हाय."

"गॅलरी पश्चिमेला आहे, मावशी," बाई शांतपणे म्हणाल्या. "इथलं मला कळतं."

मावशींशी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, म्हणजे ठीक आहे अशी. नंतर गॅलरीकडेच बघत म्हणाल्या, "तो फूल तू नव्हता तोरलास."

"मला माहीत आहे ते."

"मना पन म्हायत होता."

बाईंनी कात्री मशीनवर ठेवली. "कधीपासून?"

"दुसऱ्या दिशीपासून. धागा आमच्याच निर्माल्यान मिलला. मोठ्या सुनेनं देवाला वाहिलेला."

"म्हणजे पुढे अकरा दिवस मी तिथेच होते."

"होतीस."

"एकदा वर येऊन सांगता आलं असतं."

"मालकीन भाडेकरूच्या दारान जाऊन चुकला म्हनंल?" मावशी म्हणाल्या. "माझ्यानी नाय झाला. आज म्हनतंय. चुकला."

खाली रस्त्यावर भाजीवाल्याची आरोळी चालली होती. ती पुढे गेली. मग बाई उठल्या, गॅलरीत गेल्या आणि वाळलेले गोंडे कात्रीने कापून एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालू लागल्या. निम्मे झाल्यावर थांबल्या.

"अर्धे ठेवते. मलाही लागतात," त्या म्हणाल्या. पाकीट मावशींच्या हातात दिलं. "झालं गेलं विसरले, असं मी म्हणणार नाही. बी घेऊन जा."

मावशींनी पाकीट कपाळाला लावलं आणि कनवटीला खोचलं.

बी उशिरा पडलं, तरी उगवलं. फेब्रुवारीच्या शेवटी मागच्या दारात पुन्हा लाल दिसायला लागलं. त्या उन्हाळ्यात निघालेल्या बियांतून निम्मं मावशींनी माझ्या हाती डोंबिवलीला पाठवलं; बाईंनी ठेवून घेतलं, निरोप काही दिला नाही. आणखी दोन वर्षं असंच चाललं. मग मावशी गेल्या. थोडे दिवस ताप आला आणि गेल्या. आम्ही आता कल्याणला स्वतःच्या घरात राहतो. बाळकुमच्या त्या तुकड्यात हल्ली त्यांची मोठी सून गलांडा लावते. पाणी जरा जास्तच घालते, असं मला वाटतं. तरी येतो.

पण डोंबिवलीच्या त्या दिवसातलं शेवटचं मी अजून सांगितलेलं नाही.

निरोप घेऊन आम्ही जिना उतरायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर मावशी कठड्याला धरून थांबल्या. मला वाटलं, दम लागला.

"मना वाटला, ती दारातनंच घालवंल," त्या म्हणाल्या.

"आणि घालवलं असतं तर?"

"जिन्यान बसले असते." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू पन बघितला होतास तो फूल."

मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"सुनेनं सांगितला. त्याच दुपारी तू पातेला परत द्याला बंगल्यावर आलतीस. देवारा समोरच हाय."

खरं होतं. पातेलं ओट्यावर ठेवताना मला ते दिसलं होतं, तसबिरीच्या पायाशी, देठाला निळा धागा लोंबत असलेलं. सुनेने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. मी घरी आले, कुकर लावला. पुढचे बारा दिवस त्या बाई मला रोज जिन्यात भेटत होत्या. एकदा थांबून त्यांनी मला विचारलंही होतं, तुम्हाला तरी वाटतं का हो मी असं करेन? मी म्हटलं होतं, छे, अहो, जाऊ द्या.

"मावशी, आता इतक्या वर्षांनी..." मी म्हणाले.

मावशी तिथेच पायरीवर बसल्या, लुगडं आवरून घेतलं आणि वर जायला जागा ठेवून भिंतीला टेकल्या.

"मी तं बोलले," त्या म्हणाल्या. "जा तू. मना घाई नाय."

मी परत वर गेले. दार लागलं होतं, आत मशीन सुरू झालं होतं. बेल वाजवली. मशीन थांबलं. बाईंनी दार उघडलं आणि माझ्या मागे कोणी आहे का ते बघितलं.

"काय हो, काही राहिलं का?"

"हो," मी म्हटलं. "राहिलंय."